दुसऱ्या पाळीचं रेकॉर्डिंग

"तीन ते साडेअकरा माझी पाळी. मी घरी पोचतो तेव्हा पोरगी झोपलेली. ती शाळेला निघते तेव्हा मी झोपलेला. तिच्याबरोबर एक कार्यक्रम बघायचा म्हटलं तर कधी बघायचा, तूच सांग."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत भट्टीवर काम करणारे मामा २००८च्या दिवाळीच्या सुमाराला माझ्या दुकानात येऊन असं म्हणाले. अनगोळात चौथ्या रेल्वे गेटपासून थोड्या अंतरावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्या वर्षी झी मराठीवर सारेगमपचं 'लिटिल चॅम्प्स' चालू होतं. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत, मुग्धा वैशंपायन ही पाच मुलं सीमाभागातल्या घराघरांत आपल्या भावकीतली असावीत तशी ओळखीची झाली होती. मामांची मुलगी नऊ वर्षांची. रात्री कोण काय गायलं ते ती सकाळी आईला सांगायची आणि मामा अर्धवट झोपेत ऐकायचे. त्यांना तो कार्यक्रम रविवारी दुपारी तिच्या शेजारी बसून बघायचा होता. एवढीच मागणी.

घरात जुना पेंटियम फोर होता. त्यात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवायचं, केबलची वायर दोन फाट्यांनी टीव्हीला आणि कार्डाला द्यायची, रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम टाकायचा. हे काम तासाभराचं. खरा प्रश्न दुसराच निघाला. मामा दुपारी अडीचला घर सोडणार, मामींना कॉम्प्युटरला हात लावायची भीती आणि कार्यक्रम रात्रीचा. मशीन दुपारपासून चालू ठेवावं, तर दीड खोलीच्या घरात त्याच्या पंख्याचा आवाज आजींच्या कॉटला लागून. आणि बिल. मॉनिटर बंद ठेवला तरी असं मशीन १०० वॅटच्या आसपास खातं. चोवीस तास ठेवलं तर दिवसाला जवळजवळ अडीच युनिट, महिन्याला सत्तर. ज्या घरात दोन ट्यूबलाइट आणि एक टीव्ही, तिथे हा आकडा सांगायलाही जड वाटतो. मी मामांना म्हटलं, "आपण त्याला झोपवू. वेळ झाली की ते आपलं आपण उठेल."

"उठतंय काय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. ते 'हो' खरं करायला मला पुढे जवळजवळ दोन महिने लागले.

कॉम्प्युटरच्या झोपेच्या पायऱ्या असतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तिघांनी १९९६ साली एसीपीआय नावाची नियमावली काढली, तिच्यात त्या ठरवून दिल्या आहेत. एस-१ म्हणजे डुलकी. प्रोसेसर थांबतो, पण पंखे फिरत राहतात, वीज फारशी वाचत नाही. एस-३ म्हणजे झोप. तिच्यात फक्त मेमरीला वीज मिळते, बाकी सगळं थंड, चार-पाच वॅटांत काम भागतं. एस-४ म्हणजे हायबरनेट. मेमरीत जे असेल ते हार्ड डिस्कवर लिहून मशीन जवळपास बंदच होतं. या सगळ्यात बोर्डावरचं घड्याळ तेवढं जागं असतं. नाण्याएवढ्या सेलवर ते चालतं आणि विंडोजने सांगून ठेवलेली वेळ झाली की मशीनला उठवतं. विंडोज एक्सपीत नेमून दिलेल्या कामाच्या सेटिंगमध्ये तळाला एक चौकट होती: 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क'. तिथे टिक करायची. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं.

पहिल्या रात्री मशीन वेळेवर उठलं आणि काहीही न करता बसून राहिलं. घरातल्या खात्याला पासवर्डच नव्हता आणि एक्सपी बिनपासवर्डच्या खात्यावर नेमून दिलेलं काम चालवत नाही. मला हे माहीत नव्हतं. पासवर्ड घातला. दुसऱ्या खेपेला रेकॉर्डिंग झालं, पण तासभर नुसता काळा पडदा. एस-३ मधून उठल्यावर ट्यूनर कार्डाचं ड्रायव्हर भानावरच येत नव्हतं. मशीन जागं, कार्ड झोपेत. मग मी एक बॅच फाइल लिहिली. उठल्याबरोबर डेव्हकॉन या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या हत्याराने कार्ड एकदा बंद करून परत चालू करायचं, थोडं थांबायचं आणि मग रेकॉर्डिंग. एक्सपीच्या बॅच फाइलला 'थांब' म्हणायची सरळ सोय नव्हती. म्हणून आम्ही दुरुस्तीवाले सगळे जण मशीनला स्वतःलाच वीस वेळा पिंग करायला लावायचो, की वीसेक सेकंद निघून जायचे. तिसऱ्या खेपेला चित्र आलं, आवाज नाही. झोपेतून उठल्यावर साउंड कार्डाची लाइन-इन बंद पडत होती. गाण्याचा कार्यक्रम आणि आवाज नाही! मामा जास्त काही बोलले नाहीत. "पुढच्या आठवड्याला बघूया की," म्हणाले. त्या शांतपणाने मला जास्त टोचलं.

घड्याळाचंही असंच. त्या घरात इंटरनेट नव्हतं, त्यामुळे मशीनची वेळ आठवड्याला थोडी थोडी सरकायची. मी मामींना आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे टोले ऐकून घड्याळ लावायला शिकवलं. सांगली लागलं तर सांगली, नाहीतर धारवाड. कॉम्प्युटरला हात लावायला घाबरणाऱ्या मामी दर शनिवारी शेवटच्या टोल्याला एंटर दाबायला लागल्या. त्यांच्या हातून घड्याळ कधी चुकलं नाही.

एवढं होईपर्यंत एक नवीनच तक्रार आली. मशीन रात्री-अपरात्री उठतंय. आजी म्हणाल्या, "मध्यरात्रीला घुर्रर करतंय, मग गप होतंय." मी सेटिंगं तपासली, नेमून दिलेली कामं तपासली, व्हायरस शोधला. काही सापडेना. शेवटी एका रात्री मामा पाळीवरून आल्यावर मी त्यांच्या घरी बसून राहिलो. बाराच्या पुढे कधीतरी खानापूरच्या बाजूने मालगाडी आली. घर रुळापासून लांब नाही. खिडकीची काच थरथरली, टेबलावरचा पेला किणकिणला आणि कॉम्प्युटर जागा झाला. माउस ऑप्टिकल होता. टेबल हललं की त्याला वाटायचं कुणीतरी हात लावला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या नावापुढे एक परवानगी असते: या उपकरणाने कॉम्प्युटरला झोपेतून उठवायचं की नाही. ती काढून घेतली. पुणे-बेंगळुरू मार्गावरच्या गाड्या मशीनची झोप मोडत होत्या, हे मी दुकानात बसून शंभर वर्षं डोकं खाजवलं असतं तरी मला कळलं नसतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळत आलो. ज्या घरात मशीन झोपणार, त्या घरात एक रात्र काढायची.

सगळ्यात अवघड गाठ होती ती आजींची. रात्री झोपताना त्या कॉम्प्युटरच्या बोर्डाचं बटण बंद करायच्या. कधी कधी मेन स्विचच. तरुणपणी खानापूर तालुक्यात माहेरी असताना शेजारचं घर वायरीने पेट घेऊन जळालेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे आत काहीतरी चाललंय आणि माणसं झोपली असताना आत काही चालू नये, हे त्यांचं म्हणणं. ते मला चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण एस-३ मध्ये झोपलेल्या मशीनची वीज गेली की मेमरीतलं सगळं जातं आणि उठायची वेळही हुकते. त्यात वळवाच्या दिवसांत बेळगावात वीज चमकायला लागली की सगळं घर बटणं शोधत धावतं. यूपीएस होता, पण दहा-पंधरा मिनिटांचा, आणि तो शिट्टी मारायला लागला की आजी आधी त्याचंच बटण बंद करायच्या.

म्हणून एस-३ सोडलं आणि हायबरनेट धरलं. वीज गेली तरी लिहून ठेवलेलं डिस्कवर राहतं. बायोसमध्ये सांगितलं की वीज परत आली की आपोआप चालू हो. चालू झालं, कुणी हात लावला नाही, तर वीस मिनिटांनी परत झोप आणि झोपताना पुढची वेळ घड्याळात पुन्हा लिही. ही शेवटची युक्ती मी लिनक्सवरच्या मिथटीव्हीकडून घेतली. २००२ साली सुरू झालेल्या त्या प्रोग्रॅममध्ये मशीन बंद होण्याआधी दर वेळी पुढचं रेकॉर्डिंग कधी आहे ते बघून उठायची वेळ नव्याने लिहितं, जुन्या वेळेवर विसंबत नाही. ही कल्पना मला फार आवडली.

मग आजींशी बोलायचं राहिलं. मी म्हटलं, "आजी, त्याचं काम झालं की ते तुम्हाला सांगेल. मग बटण बंद करा. सकाळी मामी चालू करतील." त्या म्हणाल्या, "ते कसं सांगतंय?" मी मुलीला दुकानात बोलावलं, माइकपुढे बसवलं आणि एकच वाक्य बोलायला लावलं. बॅच फाइलच्या शेवटी ते वाजायची सोय केली. रेकॉर्डिंग संपलं, मशीन निजायला निघालं, की छोट्या स्पीकरमधून नातीचा आवाज यायचा: "आजी, आता बंद कर." मिनिटभराने दिवा मालवायचा आणि आजी उठून बटण बंद करायच्या. त्या आवाजाची त्या वाट बघत जाग्या राहायच्या, असं मामी सांगायच्या. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली तोवर मामांकडे पुरे दहा-बारा भाग साठले होते. रविवारी दुपारी मी एकदा त्यांच्याकडे गेलो तर बाप-लेक एकाच पाटावर बसून बघत होते आणि कोण काय गाणार ते मुलगी आधीच सांगून टाकत होती. मामांची त्याला काही हरकत नव्हती.

२०१०च्या शेवटी त्यांनी मशीन बदललं. विंडोज ७, नवीन कार्ड, मोठी हार्ड डिस्क. मला वाटलं, आता सगळं सोपं. पहिल्याच रेकॉर्डिंगची फाइल उघडली तर दोन मिनिटांची. दुसरी, तीही दोन मिनिटांची. या दोन मिनिटांनी मला चार दिवस छळलं. कारण असं की, मशीन जेव्हा माणसाच्या हाताने उठत नाही, घड्याळाने उठतं, तेव्हा विंडोज असं धरून चालतं की समोर कुणी नाही. दोन मिनिटं वाट बघायची आणि परत झोपायचं. एखाद्या प्रोग्रॅमला मशीन जागं ठेवायचं असेल तर त्याने तसं स्वतःहून कळवावं लागतं की मी कामात आहे. आमचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम ते कळवतच नव्हता. आणि ही दोन मिनिटं पॉवर ऑप्शन्सच्या यादीत दिसतही नाहीत. ती ओळ मुद्दाम लपवलेली असते, रजिस्ट्रीत जाऊन ती उघडी करावी लागते. मी ती उघडली आणि तिथे पाच तासांचा आकडा घातला. विंडोज ७ मध्ये एक सोय मात्र फार चांगली होती. पॉवरसीएफजी या आज्ञेला विचारलं की शेवटचं कुणी उठवलं, पुढे कोण उठवणार आहे, आत्ता कोण झोपू देत नाही, ते ती नावानिशी सांगते. ही सोय एक्सपीत असती तर त्या मालगाडीसाठी मला रात्र जागावी लागली नसती.

यात मला एक गोष्ट समजली, ती इथे लिहितो. मशीनला उठवणं हे काम निम्मंही नाही. किती वेळ जागं ठेवायचं आणि काम संपलं हे कुणी ठरवायचं, कस तिथे लागतो. माझी बॅच फाइल घड्याळ बघून ठरवायची, कार्यक्रम बघून नाही.

ते महागात पडलं २ एप्रिल २०११ला. शनिवार. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत आणि श्रीलंका. मामांची दुसरी पाळी बदलून मिळाली नाही. भट्टीत लोखंड वितळलं की ते ओतावंच लागतं, मॅच असो की काही असो. "दुसरी इनिंग तरी धर," ते मला म्हणाले. सामना अडीचचा, म्हणजे कागदावर सव्वादहाला संपणार. मी पुढे पंधरा मिनिटं धरली आणि साडेदहाची वेळ टाकली. मशीन पावणेसातच्या आधी बरोबर उठलं. घरात टीव्हीवर सगळी गल्ली जमली होती. श्रीलंकेच्या २७४ धावांचा पाठलाग, सेहवाग आणि सचिन लवकर गेलेले, मग गंभीरच्या ९७, मग धोनी आणि युवराज. साडेदहाला सामना चालूच होता. कॉम्प्युटरने सांगितल्याप्रमाणे रेकॉर्डिंग थांबवलं. स्पीकरमधून मुलीचा आवाज आला, "आजी, आता बंद कर." त्या गलक्यात तो कुणालाही ऐकू आला नाही. ऐकू आला असता तर माझ्या दुकानात फोन आला असता आणि मी पळत जाऊन पुन्हा चालू केलं असतं.

कुलसेकराच्या चेंडूवर धोनीने मारलेला षटकार मामांच्या रेकॉर्डिंगमध्ये नाही.

मध्यरात्री उद्यमबागेतून येताना रस्त्याभर फटाके वाजत होते. निकाल त्यांना भट्टीपाशीच कळला होता. रविवारी त्यांनी ती इनिंग बघायला घेतली आणि जिंकायला थोड्याच धावा हव्या असताना पडदा रिकामा झाला. मी मान खाली घालून उभा होतो. मामा म्हणाले, "अरे, भट्टीचं पण असंच असतंय. घड्याळ बघून लोखंड ओतत न्हाईत. लोखंड बघून ओततात." नंतर टीव्हीवर तो षटकार हजार वेळा दाखवला, त्यांनीही पाहिला असेल. पण ती फाइल अजून अर्धवटच आहे आणि ती पुसायची नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. त्या दिवसापासून सामना किंवा अंतिम फेरी असली की मी शेवटची वेळ टाकतच नाही. डिस्कवर जागा आहे तोवर चालू दे, सकाळी कुणीतरी थांबवेल. चार तास जास्त रेकॉर्ड झालं तर पुसता येतं. पाच मिनिटं कमी पडली तर ती कुठून आणायची?

मग सेट-टॉप बॉक्स आला. देशभर केबलचं डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने झालं. तिसऱ्या टप्प्यातल्या शहरांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती. एका वायरीतून सगळे चॅनेल कार्डात यायचे ते संपलं. आता बॉक्समधून पिवळी-तांबडी-पांढरी वायर काढून कार्डाला द्यायची आणि बॉक्सवर जो चॅनेल लावलेला असेल तोच रेकॉर्ड होणार. कॉम्प्युटर वेळेवर उठायचा, पण बॉक्सला उठवणं त्याच्या हातात नव्हतं. वीज जाऊन आली की बॉक्स पहिल्या चॅनेलवर जाऊन बसायचा आणि मालिकेऐवजी तासभर दुसरंच काहीतरी साठायचं. दोन यंत्रं, दोन वेगळ्या झोपा. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० मधून मायक्रोसॉफ्टने टीव्ही बघायची-साठवायची सोय असलेलं मीडिया सेंटरही काढून टाकलं. मोबाइलवर मालिका हवी तेव्हा दिसायला लागल्या. एकेक करून माझी रेकॉर्डिंगची घरं बंद झाली. मामाही फौंड्रीतून निवृत्त झाले.

काम मात्र संपलं नाही, फक्त जागा बदलली. उद्यमबागेतल्या आणि मच्छेच्या लहान कारखान्यांत आता मी टॅलीचा बॅकअप बसवून देतो. रात्री दोनला कॉम्प्युटर उठतो, दिवसभराचे हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, नक्कल बरोबर झाली की नाही ते तपासतो आणि मगच झोपतो. घड्याळ बघून झोपवायचं मी सोडलं आहे. नक्कल पुरी झाली तरच झोप. गेल्या साली एका कारखान्यात आठवड्यातून तीन-चार रात्री बॅकअप अर्धवट राहायला लागला. मालकांना वाटलं डिस्क खराब आहे. मी डिस्क बघायच्या आधी विचारलं, रात्री ऑफिसचा मेन कोण बंद करतं?

वॉचमन करायचे. सौंदत्तीकडचे, साठीतले. रात्री फेरी मारताना ऑफिसात दिवा लुकलुकताना दिसला की ते मेन खाली ओढायचे, कारण मालकांनीच कधीतरी सांगितलं होतं की रात्री काही चालू राहू देऊ नका. मी एक रात्र त्यांच्याबरोबर काढली. दोनला मशीन उठलं ते त्यांना दाखवलं, काम संपायला चाळीस मिनिटं लागतात हेही दाखवलं. त्यांना मराठी समजतं, पण बोलतात कानडी. म्हणून दुसऱ्या दिवशी माइक त्यांच्याच पुढे धरला. आता पावणेतीनच्या सुमाराला बॅकअप पुरा झाला की ऑफिसच्या स्पीकरमधून त्यांचाच आवाज येतो, "आतु, ईग बंद माड्री," म्हणजे झालं, आता बंद करा, आणि ते खुर्चीवरून उठून मेन खाली ओढतात.